येर्बाचं पान आणि गच्चीवरची मांजरं

१७ नोव्हेंबर

आज मी प्रयोगशाळेत नाचले. एप्रन घालून, हातात पीच धरून, फ्रिजपासून खिडकीपर्यंत आणि परत. नेल्बा दारात उभी राहून म्हणाली, "अगं ए, दार तरी लाव. खालचे भौतिकवाले आधीच आपल्याला वेडं समजतात."

मग तिनं दार लावलं आणि तीही नाचली.

शेजारच्या पेटीतले, साध्या कागदावर ठेवलेले पीच केव्हाच करडे, केसाळ झालेत, त्यांच्याकडे बघवत नाही. आणि आमच्या पानावर ठेवलेले? तोंड धुऊन शाळेला निघालेल्या पोरींसारखे!

आमचं पान म्हणजे येर्बाच्या चोथ्याचं, दाबून वाळवलेलं, कागदासारखं पान. सगळं मोन्तेविदेओ काखेत थर्मास मारून दिवसभर येर्बाचा कडू चहा पितं आणि चोथा कचऱ्यात फेकतं. मी कित्येक वर्षं तो चोथा मागत फिरतेय. आईच्या गल्लीत तर मला पाहिलं की बायका न बोलता पिशवी आणून देतात. पण इतके दिवस पान नुसतंच पान होतं, जाड, तपकिरी, कशाला उपयोगाचं नाही. चीज काढून उरलेल्या निवळीत चोथा भिजवायचं गेल्या महिन्यात सुचलं, आणि बुरशी पेटीच्या काठाशीच थबकली.

घरी आल्या आल्या लिबेरला सगळं सांगितलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर तो कोणाच्या तरी फ्रिजची मोटर उघडून बसला होता.

"निवळी म्हणजे, रिकोटा करताना उरतं ते आंबट पाणी?"

"तेच!"

"कमाल आहे," म्हणाला. एवढंच म्हणाला, पण पेचकस खाली ठेवून म्हणाला.

२१ नोव्हेंबर

विद्यापीठाच्या पेटंट कार्यालयात गेलो, नेल्बा आणि मी, दोघी इस्त्रीचे कपडे घालून. तिथल्या वकील सुनीनोबाई माझ्याहून थोड्या मोठ्या. बोलताना त्यांचे ओठ फारसे हलत नाहीत. त्यांनी पीच हातात घेतला, वास घेतला, मग खाऊन टाकला. आमचा नमुना! नेल्बानं माझा हात दाबला.

"छान," त्या म्हणाल्या. "आता दोघींनी तोंड बंद ठेवायचं."

मग समजावून सांगितलं. आपल्याकडे शोध लावणाऱ्यानं स्वतःच बाहेर बोलून टाकलं तर वर्षभर माफी असते. युरोपात माफी नाही. अर्ज दाखल व्हायच्या आधी चारचौघांत बोललात की तिकडच्या हिशेबी तो शोध सगळ्यांचा, मग तुम्हाला पेटंट मिळणार नाही. आणि आपली फळं जहाजांनी तिकडेच जातात. तिकडच्या एका पेट्या बनवणाऱ्या कंपनीला आमचं पान हवंय, पण युरोपातला हक्क शाबूत असेल तरच. तसं झालं तर ते प्रयोगशाळेचा खर्च उचलणार, आणि नेल्बाची नोकरी राहणार. तिचा करार मार्चमध्ये संपतोय. हे ती हसत हसत सांगते, पण हल्ली नखं खाते.

"परिषदेत नाही, कॅन्टीनमध्ये नाही, आईला नाही," सुनीनोबाई म्हणाल्या. "आत्तापर्यंत कोणाकोणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघींनाच," मी म्हटलं.

बाहेर पडल्यावर लक्षात आलं की लिबेरचं नाव घ्यायचं राहिलं. पण नवऱ्याला सांगितलं म्हणजे भिंतीला सांगितल्यासारखंच. परत जाऊन कशाला सांगायचं?

२६ नोव्हेंबर

गुपित पोटात ठेवणं म्हणजे पोटात फुलबाजी पेटल्यासारखं आहे. कॅन्टीनमध्ये कोणी "काय म्हणतंय तुमचं पान?" विचारलं की मी "चाललंय रडतखडत" म्हणते आणि तोंडात पाव कोंबते. आईला सांगितलं, चोथा गुलाबांना घालते. आई म्हणाली, "गुलाब आहेत कुठे तुझ्याकडे?" मी फोन ठेवून दिला.

बाहेर इतकं आवळून धरलेलं घरी सैल होतं. लिबेर ताटं वाढतो, मी बोलत सुटते.

३ डिसेंबर

एक नवल लिहून ठेवायला हवं. इतक्या वर्षांच्या संसारात लिबेर पहिल्यांदाच माझ्या कामात रस घेतोय. आधी मी बोलायचे, तो हो हो करायचा आणि डोळे टीव्हीवर. आता प्रश्न विचारतो. चोथा किती पाण्यांनी धुता? निवळी गरम का गार? कोमट म्हणजे किती कोमट, बोट बुडवता येईल इतकी? वाळवायचं उन्हात का?

"उन्हात नाही रे! उन्हात सगळं मरतं. सावलीत."

"सावलीत," तो म्हणाला, आणि ओठांतल्या ओठांत दोनतीनदा म्हणून पाहिलं, जणू चव घेतोय.

मला एकदम भरून आलं. चाळिशी उलटल्यावर बाईला वाटायला लागतं की आपलं बोलणं घरातल्या पंख्याच्या आवाजासारखं झालंय, असतं पण ऐकू येत नाही. आणि हा माणूस विचारतो, कोमट म्हणजे किती कोमट.

११ डिसेंबर

लिबेर बाथरूममध्ये सारखा गुणगुणतो. मी दाराशी गेले की गप्प होतो. कार्निव्हल जवळ आलंय, रोज संध्याकाळी त्याच्या मंडळाची तालीम असते. 'गच्चीवरची मांजरं' हे त्यांच्या मंडळाचं नाव. ढोल, झांज आणि गळा काढणारे सोळा बाप्ये, त्यातला सगळ्यात खालचा आवाज माझ्या नवऱ्याचा.

आज तो फुरंगटूनच घरी आला. चण्याच्या पिठाच्या गरम फाइनाला हात लावला नाही.

"काय झालं?"

"मतदान झालं. मी हरलो."

"कशावरून?"

"मंडळातलं बाहेर सांगत नाहीत."

मला हसूच आलं. पहिल्या प्रयोगाआधी यांच्या गाण्यातला एक शब्द बाहेर पडला तर जणू आकाश कोसळणार. दुसऱ्या मंडळांचे हेर म्हणे भिंतीला कान लावून बसलेले असतात. म्हटलं, "अरे, टोप्यांच्या रंगावरून भांडला असाल!"

तो म्हणाला, "काहीसं तसंच." आणि बटाटे सोलायला घेतले, एकदम जाड जाड सालं काढत.

२२ डिसेंबर

सुनीनोबाईंनी अर्जाचा मसुदा पाठवला. आमचं पान त्यांच्या भाषेत 'फळांच्या साठवणुकीसाठीचे वनस्पतिजन्य आवरण' झालंय. नेल्बानं तो उभं राहून, राष्ट्रगीतासारखा वाचला. आम्ही आधी हसलो आणि मग सुरुवात पुन्हा वाचली. आमची नावं तिथं शेजारी शेजारी होती, शोधकर्त्या म्हणून. नेल्बा नाक ओढत म्हणाली, "माझ्या सासूला आता कोणीतरी हे पत्र फ्रेम करून पाठवा."

दाखल करायचं जानेवारीच्या शेवटी. जानेवारीत सगळा देश समुद्रावर पालथा पडलेला असतो, सुनीनोबाईसुद्धा.

८ जानेवारी

झोप येणार नाही, तेव्हा लिहूनच काढते.

मंडळाच्या तालमी आता उघड्या झाल्यात. क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये अख्खी वस्ती आपापल्या खुर्च्या घेऊन येते. मीही आज आईला घेऊन गेले. दागोबेर्तो मास्तरनं हात वर केला, ढोल वाजला, आणि सोळा जण माझ्याकडे बघून गायला लागले:

प्याला रिकामा, चोथा उरला,
आम्ही फेकला, तिनं तो धरला!
कोण गं बाई? लेओनोर, लेओनोर!
बुरशीच्या जिवाला लावते घोर!

वस्तीनं टाळ्या पिटल्या. कोणीतरी ओरडलं, "लेओनोर, माझ्या पिशवीतला चोथा आहे गं त्यात!" आई माझ्या दंडाला धरून विचारत होती, "हे तुझ्यावर आहे? तुझ्यावर?" लिबेर दुसऱ्या रांगेत, कानापर्यंत लाल, आनंदानं नुसता फुललेला.

मला त्या क्षणी सगळं दिसलं. कोमट म्हणजे किती कोमट. उन्हात का सावलीत. पुढच्या कडव्यात काय येणार ते कळलं आणि मी उठले. आईच्या कानांवर हात ठेवून तिला बाहेर ओढलं. तिच्या कानांवर! बाकीच्या शेकडो कानांचं काय करणार होते मी?

लिबेर धावत घरी आला. "आवडलं नाही?"

मी त्याला सांगितलं. युरोप, माफी, नेल्बा, सगळं. त्याचा चेहरा फिका पडत गेला.

"मला कधी बोललीच नाहीस, की कोणाला सांगायचं नाही म्हणून."

खरंच, नव्हते बोलले. पाककृती सगळी सांगितली आणि तेवढंच राहिलं.

"एवढंच सांग," मी म्हटलं, "गाण्यात निवळी आहे का?"

तो खाली बसला. डोकं धरलं. आणि म्हणाला, "लेओ, गाण्यात काय आहे ते मी प्रयोगाआधी सांगू शकत नाही."

"काय?"

"मास्तरला विचारावं लागेल."

मी उशी फेकली. मग दुसरी उशी. तो झेलत होता आणि म्हणत होता, "शब्द दिलाय गं. सगळ्यांनी दिलाय."

९ जानेवारी

नेल्बाला सांगितलं. ती परीक्षानळ्या ओळीनं लावत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझी नोकरी ढोलाच्या तालावर गेली तर. निदान सूर चांगला होता का?"

मला रडू फुटलं. तीच मला थोपटायला लागली. आणि मग, देवाशपथ, आम्हा दोघींना हसू यायला लागलं, त्याच रडण्यात, थांबेचना. 'बुरशीच्या जिवाला लावते घोर' मी तिला म्हणून दाखवलं. ती टेबलाला धरून खाली बसली.

सुनीनोबाईंना समुद्रावर फोन लावून नवरा, जेवणावरच्या गप्पा, गाणं, सगळं सांगितलं. मागून लाटा ऐकू येत होत्या.

"किती लोक होते?"

"वस्ती."

लाट. आणखी एक लाट.

"मंडळाला परवा कार्यालयात घेऊन या," त्या म्हणाल्या. "सगळं गाणं ऐकायचंय मला. आणि डॉक्टर, तोवर जेवताना बोलू नका."

११ जानेवारी

आजचा दिवस मी म्हातारी झाले तरी विसरणार नाही.

विद्यापीठ ओस पडलेलं. पेटंट कार्यालयाच्या अरुंद जिन्यावरून सोळा बाप्ये चढतायत, ढोलवाला ढोल डोक्यावर घेऊन, झांजवाला झांजा पोटाशी धरून, त्या किणकिणू नयेत म्हणून श्वास रोखून. सुनीनोबाई उन्हानं भाजलेल्या नाकानं दारात उभ्या. त्यांनी खिडक्या लावल्या. पडदे ओढले. आत भट्टी झाली.

"सुरुवात करा," त्या म्हणाल्या.

दागोबेर्तो मास्तर पुढे झाला. वजनदार माणूस, बाजारात मासे विकतो, पण हात उचलला की राजासारखा दिसतो. "बाई, आधी तुम्ही शब्द द्या. यातलं एक अक्षरही या खोलीबाहेर जाता कामा नये."

सुनीनोबाईंचं तोंड उघडं राहिलं. "हे वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या.

"असेल. पण पहिल्या प्रयोगाआधी आमचं गाणं बाहेरच्या कोणी ऐकलेलं नाही."

"वस्तीनं ऐकलंय ना!"

"वस्तीनं पहिलं कडवं ऐकलंय. पुढे आम्ही उघड्या तालमीत ला-ला-ला म्हणतो. शब्द पहिल्या प्रयोगालाच."

मी भिंतीला टेकले. मी पहिल्या कडव्यालाच पळून गेले होते. लिबेरकडे पाहिलं, तो आपल्या बुटांकडे बघत होता. हे तर सांगता आलं असतं तुला, मी डोळ्यांनी म्हटलं. शब्द दिला होता, त्याच्या बुटांनी उत्तर दिलं.

सुनीनोबाईंनी शब्द दिला. मग ते गायले. कुजबुजत! सोळा जणांचं कुजबुजणारं गाणं, ढोल एका बोटानं वाजवलेला, झांजा रुमालात गुंडाळलेल्या. गाण्यात मी होते, चोथ्याच्या पिशव्या घेऊन बसमध्ये चढणारी. फ्रिजात जेवणाऐवजी सडके पीच ठेवणारी. झोपेत 'कोमट, कोमट' म्हणणारी. (मी म्हणते?) नेल्बा तोंडात रुमाल कोंबून थरथरत होती. सुनीनोबाई पेन्सिल घेऊन एकेक ओळ तपासत होत्या. चोथा: तो सगळ्यांनाच माहीत. पीच: हरकत नाही. बुरशी: हरकत नाही.

गाणं संपलं.

"निवळी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

ढोलवाल्यानं ढोलाची दोरी आवळायला घेतली.

"होती," शेवटी मास्तर म्हणाला. "एक कडवं होतं. धुणं, भिजवणं, वाळवणं, सगळं होतं त्यात. डिसेंबरात काढून टाकलं."

"का? ते गुपित आहे हे कळलं म्हणून?"

"नाही हो, बाई." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. "वहिनी, राग मानू नका. फार कंटाळवाणं होतं."

"जीव जायचा ऐकताना," झांजवाला म्हणाला.

"मतदान घेतलं. सगळ्यांनी हात वर केले, काढा म्हणून. लिबेर सोडून. हा उभा राहून भांडला. म्हणाला, गाणं तेच आहे, बाकी सगळी सजावट. आम्ही म्हटलं, बाबा, ही पाककृती आहे."

मी लिबेरकडे पाहूच शकले नाही. माझ्या निवळीसाठी हा एकटा भांडला होता. आणि त्याच वेळी, खरं लिहिते, मला जबरदस्त अपमान वाटत होता. कंटाळवाणं! माझी निवळी!

सुनीनोबाई मात्र शिकारी कुत्र्यासारख्या ताठ झाल्या होत्या. ते कडवं कुठे वाचलं? मास्तरच्या गॅरेजमध्ये, दार लावून. बाहेरचं कोणी? नाही. आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी कोणी घरी, मित्रांत...

खोलीत असा गलका उठला की पडदे हलले. "काय समजता आम्हाला?" "माझ्या बायकोला मी टोपीचा रंग नाही सांगितला अजून!" "मागे एकानं केस कापताना नुसती चाल गुणगुणली, त्याला काढून टाकला, माझा सख्खा मेहुणा होता!"

"शांत व्हा, शांत व्हा," सुनीनोबाई म्हणत होत्या, आणि भराभर लिहून घेत होत्या, आणि हसत होत्या. त्यांचे ओठ चांगले लांबपर्यंत हलतात. "हा रिवाज लिहून काढून मी कुठल्याही न्यायालयात उभा करीन. करारापेक्षा पक्का आहे. गुप्ततेत सांगितलं, गुप्ततेत राहिलं, म्हणजे बाहेर गेलंच नाही." मग त्यांनी पेन्सिल ठेवली. "म्हणजे या सगळ्यात तोंड उघडलेलं माणूस एकच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोळा जणांनीही पाहिलं. नेल्बानंही.

"पण महिनाअखेरपर्यंत थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "याच आठवड्यात दाखल करू."

१३ जानेवारी

अर्जावर अधिष्ठात्यांची सही हवी होती आणि अधिष्ठाता आत्लांतिदाच्या किनाऱ्यावर. नेल्बा आणि मी बसनं गेलो, बूट हातात घेऊन वाळूतून छत्र्या शोधत फिरलो. ते सापडले ते गळ्यापर्यंत वाळूत पुरलेले, नातवंडांनी पुरलेले. "एक हात मोकळा करा रे," ते पोरांना म्हणाले. पोरं तयार नव्हती. घासाघीस झाली, आइस्क्रीमवर मिटली. सहीवर वाळूचे कण चिकटले, ते फुंकून टाकायचा मला धीर होईना, न जाणो सहीही उडायची.

१५ जानेवारी

दाखल झालं! सुनीनोबाईंचा फोन दुपारी आला. "झालं. आता कोणाला हवं त्याला सांगा. छपरावर चढून सांगा. तसंही वर्ष-दीड वर्षानं सगळं छापून जगापुढे येणारच, पेटंट त्यासाठीच असतं. फक्त आपली तारीख आधी लागली पाहिजे, ती लागली."

नेल्बानं प्रयोगशाळेत साखरेच्या भांड्यातून सफरचंदाची फेसाळ सिद्रा प्यायली, कारण पेले धुतलेले नव्हते. पेट्यांच्या कंपनीची माणसं फेब्रुवारीत येतायत. तिनं नखं रंगवलीत. लाल.

मला वाटलं होतं, आज मी गल्लीत सगळ्यांना गाठून गाठून सांगेन. बसमधून उतरले, ओळखीचे चेहरे दिसले, आणि सांगावंसंच वाटेना. सरळ घरी आले.

लिबेर भांडी घासत होता. अकरा तारखेपासून आम्ही दोघं जरा जपून बोलतोय, काहीतरी मोठं वाहून आणल्यावर ते कुठे ठेवावं कळू नये तसं.

"झालं दाखल," मी म्हटलं.

त्यानं डोळे मिटून श्वास सोडला.

"आता ते कडवं म्हण."

"कुठलं?"

"काढून टाकलेलं."

"नको गं. ते खरंच..."

"म्हण."

त्यानं हात पुसले. नळ बंद केला. रंगमंचावर उभा राहतो तसा बेसिनपाशी उभा राहिला, हनुवटी जरा वर, आणि त्याच्या त्या तळघरातल्या आवाजात सुरू झाला:

चोथा धुवावा तीन पाण्यांनी,
मग तो ठेवावा निवळीत दोन दिवस.
निवळी कोमट, बोट बुडेल इतकीच,
मग दाबावा, आणि वाळवावा. उन्हात नव्हे.
सावलीत.

फारच कंटाळवाणं आहे. यमक नाही, ताल दोनदा अडखळतो, आणि 'सावलीत'वर सूर पायरी चुकल्यासारखा खाली बसतो. मतदानाला मी असते तर मीही हात वर केला असता. पण त्यात एक चूक नाही. पाणी, दिवस, ऊब, सगळं जिथल्या तिथे, मी सांगितलं तसं, मी सांगितलं त्याच क्रमानं.

मी हसत सुटले. तोही. मी म्हटलं, पुन्हा. दुसऱ्यांदाही हसले. तिसऱ्यांदा हसू आलं नाही, नुसती ऐकत राहिले. चौथ्यांदा मीही त्याच्याबरोबर म्हटलं, त्याच्याहून वरच्या सुरात, आणि 'सावलीत'पाशी दोघंही एकदम खाली बसलो.